घर भाड्याने घेताना हवेचाही विचार करा



गाव सोडून शहरात आलेले कुटुंब भाड्याच्या खोलीच्या शोधात निघाले म्हणजे त्याच्या तोंडी काही ठरावीक प्रश्न असतात. भाडे किती? अनामत किती? नळाला पाणी किती वाजता येते? संडास घरात आहे की सार्वजनिक? शाळा, दवाखाना, स्टेशन किती दूर आहे? घरमालकाकडूनही एक प्रश्न येतो, "आडनाव काय?" आणि त्याचे उत्तर ऐकल्याबरोबर सकाळपर्यंत रिकामी असलेली खोली "कालच दिली" असे अनेकदा होते. हे सर्व तुम्ही अनुभवलेले आहे. परंतु या सर्व प्रश्नोत्तरांत एक प्रश्न कोणीही विचारीत नाही. येथे श्वासावाटे छातीत जाणारी हवा कशी आहे?

हा प्रश्न बंगल्यात राहणाऱ्यांच्या चोचल्यांपैकी आहे, असे समजण्याची चूक तुम्ही करू नये अशी आमची आग्रहाची विनंती आहे. पाणी वाईट असेल तर ते उकळून पिता येते. धान्य वाईट असेल तर ते निवडून घेता येते. हवा मात्र निवडून घेता येत नाही. ज्या जागी बिऱ्हाड थाटले त्या जागेची हवा घरातील तान्ह्या मुलापासून म्हाताऱ्या माणसापर्यंत प्रत्येकाला रात्रंदिवस घ्यावी लागते. म्हणून हवेची निवड करावयाची वेळ एकच, आणि ती म्हणजे खोली ठरविण्याची वेळ होय.

आपल्या लोकांनी हा प्रश्न इतरांपेक्षा अधिक जागरूकपणे विचारला पाहिजे, यालाही कारण आहे. आपल्या आजोबा-पणजोबांची वस्ती गावकुसाबाहेर का होती, हे तुम्हाला सांगावयास नको. पण ती गावकुसाबाहेर कोणत्या बाजूस होती, याकडे किती जणांचे लक्ष गेले आहे? पुष्कळ गावांत ती पाण्याच्या उताराला आणि वाऱ्याच्याही उताराला असे. आपल्या वस्तीवरून वाहिलेले पाणी गावाने पिऊ नये आणि आपल्या वस्तीवरून आलेला वारा गावाच्या अंगाला लागू नये, हा त्यातील हेतू. त्याच व्यवस्थेने गावाची घाण, गावाची मेलेली ढोरे आणि गावाचा उकिरडा मात्र आपल्या दाराशी आणून ठेवला. विटाळ आपला मानला गेला आणि दुर्गंधी गावाची होती, ती आपल्या वाट्यास आली.

शहरात कोणी गावकूस बांधीत नाही. तेथे हे काम भाड्याचा दर करतो. जेथे धूर, दुर्गंधी आणि धूळ असेल तेथे भाडे कमी, आणि जेथे भाडे कमी तेथे आपली वस्ती. कोणी हुकूम काढीत नाही, कोणी दवंडी पिटीत नाही, तरीही आपण पुन्हा वाऱ्याच्या उताराला जाऊन बसतो. हे कसे घडते, हे मुंबईच्या उदाहरणावरून पाहण्यासारखे आहे.

१८९६ साली मुंबईत प्लेगची साथ आली. दाट, कोंदट वस्त्यांत रोग बळावतो हे ध्यानी येऊन सरकारने १८९८ साली इम्प्रुव्हमेंट ट्रस्टची स्थापना केली. समुद्रावरचा वारा शहराच्या पोटात शिरावा म्हणून प्रिन्सेस स्ट्रीटसारखे रुंद रस्ते पाडण्यात आले. म्हणजे हवा हा नगररचनेचा विषय आहे, हे राज्यकर्त्यांना सव्वाशे वर्षांपूर्वीच समजले होते. परंतु जो कामगार गिरणीच्या भोंग्यावर जगत होता, त्याचे घर गिरणीच्या धुराड्याखालीच राहिले. धुराचा उपद्रव एवढा वाढला की १९१२ साली मुंबईत त्याविरुद्ध स्वतंत्र कायदा करावा लागला. त्याच सालापासून १९३४ पर्यंत पूज्य बाबासाहेबांचे बिऱ्हाड परळच्या ट्रस्टच्या चाळीत, म्हणजे याच गिरण्यांच्या भागात होते, हे येथे लक्षात घ्यावे.

पुढे १९८२ च्या संपानंतर गिरण्यांची धुराडी थंडावली. पण शहराचा धूर नाहीसा झाला नाही. त्याचा पुष्कळसा भाग पूर्वेच्या बाजूस आधीच स्थिरावला होता. देवनारला १९२७ पासून शहराचा कचरा पडतो आहे. १९५० नंतरच्या दशकात चेंबूरजवळ तेलशुद्धीकरणाचे कारखाने आणि तुर्भ्याचे औष्णिक वीजकेंद्र उभे राहिले. त्यांच्यामागून खताचा कारखाना आला. चेंबूरला लोक "गॅस चेंबर" म्हणू लागले ते उगाच नव्हे. जानेवारी २०१६ मध्ये देवनारच्या कचऱ्याला जी आग लागली तिचा धूर उपग्रहाच्या छायाचित्रांतही दिसला. आणि याच पट्ट्यात गोवंडी, मानखुर्द, चेंबूर या भागांत आपल्या हजारो कुटुंबांनी बिऱ्हाडे केली आहेत. घाटकोपरची माता रमाबाई आंबेडकर नगर वसाहत वसली तीही पूर्व द्रुतगती महामार्गाला लागूनच. स्वस्त जागा आपल्याला कोठे मिळते, याचा हा नकाशा आहे.

माहुलचे प्रकरण तर प्रत्येकाने मुखोद्गत करावे असे आहे. तानसा जलवाहिनीलगतच्या झोपड्या पाडल्यावर २०१७ पासून तेथील कुटुंबांना माहुलच्या इमारतींत पाठविण्यात आले. पक्की घरे, पक्क्या भिंती, स्वतंत्र संडास! झोपडीतल्या माणसाने आणखी काय मागावे, असे पुष्कळांना वाटले असेल. परंतु या इमारती तेलशुद्धीकरणाच्या कारखान्यांच्या आणि रसायनांच्या टाक्यांच्या शेजारी होत्या. तेथील हवेने रहिवाशांच्या आरोग्यास धोका आहे, असे राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणाने २०१५ मध्येच म्हटले होते. तरीही माणसे तेथे पाठविली गेली. तेथे गेलेल्यांना खोकला, दमा, त्वचेचे विकार यांनी गाठले. अखेर हे लोक उठले. विद्याविहारला जलवाहिनीच्या कडेला ते उघड्यावर तळ देऊन बसले, पण माहुलला परत जाण्यास त्यांनी नकार दिला. सप्टेंबर २०१९ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने निर्णय दिला की, या लोकांवर माहुलला राहण्याची सक्ती करता येणार नाही. सरकारने त्यांना दरमहा १५,००० रुपये भाडे आणि ४५,००० रुपये अनामत द्यावी, म्हणजे ते दुसरीकडे घर पाहू शकतील. या निर्णयातून आपण काय घ्यावयाचे? हेच की, श्वास घेता येत नसेल तर पक्क्या भिंतींनाही घर म्हणता येत नाही, आणि हे म्हणणे गरिबाने मांडले तरी ते न्यायालयात टिकते.

मुंबईबाहेरच्या वाचकांनी हा आपला प्रश्न नव्हे असे मानू नये. नागपूरच्या उत्तरेस कोराडी आणि खापरखेडा येथे कोळशावर चालणारी वीजकेंद्रे आहेत. १६ ऑक्टोबर १९५६ रोजी ज्या चंद्रपुरात बाबासाहेबांनी लाखो लोकांना दीक्षा दिली, ते चंद्रपूर कोळशाच्या खाणी आणि औष्णिक वीजकेंद्र यांनी वेढलेले आहे. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने २००९ साली देशातील अतिप्रदूषित औद्योगिक परिसरांची जी क्रमवारी लावली, तीत चंद्रपूरचा क्रमांक चौथा होता. पुण्यात, ठाण्यात, कल्याणला, औरंगाबादेत (आताचे छत्रपती संभाजीनगर) कारखाने नसतील तेथे महामार्ग आहेत, आणि महामार्ग नसतील तेथे बांधकामे आहेत.

या हवेत असते तरी काय? डोळ्यांना दिसणारा धूर आणि नाकाला कळणारी दुर्गंधी ही वरवरची लक्षणे झाली. खरा अपाय करतात ते अतिसूक्ष्म कण. अडीच मायक्रॉन किंवा त्याहून कमी व्यासाचे हे कण आपल्या केसाच्या जाडीच्या सुमारे पंचविसाव्या भागाएवढे असतात. मोठी धूळ नाकात आणि घशात अडकते, हे कण मात्र फुफ्फुसाच्या तळापर्यंत पोहोचतात आणि तेथून रक्तातही उतरतात. दमा, जुनाट खोकला, हृदयविकार, पक्षाघात, फुफ्फुसाचा कर्करोग यांच्याशी त्यांचा संबंध जोडला गेला आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २०१३ मध्ये बाहेरच्या दूषित हवेला कर्करोगकारक ठरविले. लहान मूल आपल्या वजनाच्या मानाने मोठ्या माणसापेक्षा अधिक हवा आत घेते आणि त्याची फुफ्फुसे अजून वाढत असतात, म्हणून अपाय त्याला सर्वांत अधिक. गरोदर स्त्रीने अशी हवा घेतली तर मूल कमी वजनाचे जन्मण्याचा संभव वाढतो. मुलाने शिकावे म्हणून आपण शहरात आलो. ते मूल महिन्यातून आठ दिवस खोकल्याने अंथरुणावर पडले तर शाळेची फी भरून काय साधले?

प्रमाणे काय आहेत तेही ध्यानात ठेवा. एका घनमीटर हवेत या सूक्ष्म कणांची वार्षिक सरासरी ५ मायक्रोग्रॅमच्या वर जाऊ नये, असे जागतिक आरोग्य संघटनेने २०२१ साली सांगितले. आपल्या देशात २००९ साली ठरलेली मर्यादा ४० ची आहे. म्हणजे सरकारी कागदावर "मर्यादेत" असलेली हवाही निर्धोक असतेच असे नाही. सामान्य माणसाला समजावे म्हणून २०१५ पासून हवा गुणवत्ता निर्देशांक जाहीर होतो. ५० पर्यंत हवा चांगली, १०० पर्यंत समाधानकारक, २०० पर्यंत मध्यम, ३०० पर्यंत वाईट, ४०० पर्यंत अतिवाईट आणि त्यापुढे गंभीर. केंद्रीय मंडळाच्या "समीर" या ॲपवर तो कोणत्याही मोबाईलवर पाहता येतो. हातात मोबाईल असलेल्या आपल्या मुला-मुलींना हे काम सांगा.

आता खोली पाहावयास जाताना काय करावे ते क्रमाने सांगतो.

पहिली गोष्ट ऋतूची. पावसाळ्यात सर्वच वस्त्यांची हवा बरी असते, कारण पाऊस धूळ खाली बसवितो. जुलै-ऑगस्टमध्ये पाहिलेली खोली नोव्हेंबरात ओळखू येत नाही. थंडीच्या दिवसांत वारा मंदावतो, थंड हवा जमिनीलगत दबून राहते आणि धूर वर जाऊ शकत नाही. म्हणून शक्य तर नोव्हेंबर ते फेब्रुवारी या महिन्यांत जागा पाहावी. ते शक्य नसेल तर जवळच्या मापनकेंद्राचे मागील डिसेंबर-जानेवारीचे आकडे पाहावेत.

दुसरी गोष्ट वेळेची. दलाल तुम्हाला दुपारी नेतो. तुम्ही त्याच जागी एकदा पहाटे आणि एकदा रात्री नऊनंतर स्वतः जाऊन या. मुंबईत दिवसा वारा समुद्राकडून जमिनीकडे येतो आणि रात्री उलटा फिरतो. दिवसा ज्या कचराकुंडीचा वास लागत नाही तो रात्री उशाशी येऊन बसतो. कचरा जाळणारेही बहुधा रात्रीच जाळतात.

तिसरी गोष्ट अंतराची. ज्या रस्त्यावर रात्रंदिवस ट्रक धावतात त्याच्या काठावरील खोली आणि त्याच वस्तीत चार गल्ल्या आत असलेली खोली यांच्या हवेत पुष्कळ फरक असतो. मोठ्या रस्त्याच्या धुराचा परिणाम सुमारे तीनशे ते पाचशे मीटरपर्यंत विशेष जाणवतो, त्यातही पहिल्या शंभर-दीडशे मीटरांत तो सर्वाधिक असतो. त्यामुळे वस्ती बदलता आली नाही तरी गल्ली बदलता येते. कचराभूमी, सिमेंट-काँक्रीट कालविण्याचा कारखाना, वीटभट्टी, लाकडावर चालणारी बेकरी, भंगार जाळण्याची जागा यांपैकी काय जवळ आहे, आणि ते वाऱ्याच्या कोणत्या बाजूस आहे, हे पायी फिरून पाहावे.

चौथी गोष्ट चौकशीची. खोलीच्या खिडकीची चौकट बोटाने पुसून पाहा. धूळ काळी असेल तर ती धुराची आहे. मापनकेंद्र दोन-तीन मैल दूर असेल तर त्याचा आकडा तुमच्या गल्लीचा नसतो, म्हणून केवळ त्यावर विसंबू नका. शेजारच्या बायांना विचारा. पुरुष दिवसभर कामावर असतात, घरची हवा तर घरात राहणारी माउलीच जाणते. वाळत घातलेले कपडे काळे पडतात का? मुलांना रात्री खोकला येतो का? कोपऱ्यावरच्या दवाखान्यात धाप लागलेली मुले किती येतात? ही माहिती कोणताही दलाल देणार नाही.

पाचवी गोष्ट खोलीच्या आतील हवेची. खिडकी आहे, परंतु तिच्यासमोर चार हातांवर दुसरी भिंत असेल तर ती खिडकी नावापुरतीच समजावी. गोवंडी-मानखुर्द भागातील पुनर्वसन इमारतींची २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेली पाहणी प्रसिद्ध आहे. एकमेकींना चिकटून बांधलेल्या, ऊन-वारा न शिरणाऱ्या इमारतींत, विशेषतः खालच्या मजल्यांवर, क्षयरोगाचे प्रमाण अधिक असल्याचे तीत दिसून आले. म्हणून तळमजल्याची खोली शंभर-दोनशे रुपयांनी स्वस्त असली तरी वरच्या मजल्याची, आरपार वारा वाहणारी खोली पसंत करावी. स्वयंपाकाचा धूर बाहेर जाण्यास वाट असावी. बंद खोलीत डास पळविण्याची धुराची कांडी रात्रभर जाळू नये. त्यापेक्षा मच्छरदाणी लावावी.

यावर तुम्ही म्हणाल, "हे सर्व खरे. पण आम्हाला निवड आहे कोठे? पगार तुटपुंजा, काम ज्या बाजूला त्याच बाजूला राहणे भाग, आणि चांगल्या वस्तीत आडनाव ऐकून दार लावून घेतात." हा आक्षेप आम्ही हलका मानीत नाही. ज्याला खोलीच मिळत नाही त्याला हवेचा उपदेश करणे ही क्रूर थट्टा होईल. जे लोक आज देवनारच्या काठावर राहतात ते मूर्ख म्हणून तेथे राहत नाहीत, त्यांना दुसरीकडे राहू दिले गेले नाही म्हणून राहतात. दोष त्यांचा नाही. परंतु ज्यांच्यापुढे थोडीशी का होईना निवड आहे, दोन खोल्या, दोन गल्ल्या, दोन मजले यांतून एक घ्यावयाचे आहे, त्यांनी ती निवड डोळे मिटून करू नये, एवढेच आमचे म्हणणे आहे.

भाड्याचा हिशेबही नीट मांडावा. समजा, महामार्गाच्या काठावरची खोली महिन्याला पाचशे रुपयांनी स्वस्त आहे. आता त्या खोलीत राहिल्याने डॉक्टरची फी, औषधे, बुडालेली मजुरी आणि मुलाच्या बुडालेल्या शाळेचे दिवस मांडून पाहा. वाचलेले पाचशे रुपये हातात राहतात की दवाखान्यात जातात? जो पैसा सणासमारंभावर, लग्नाच्या वरातीवर आणि कर्जाच्या व्याजावर जातो त्यातील थोडा भाग चांगल्या हवेच्या भाड्याकडे वळविला तर तो वाया जाणार नाही.

आणखी एक गोष्ट भाडेकरूच्या बाजूची आहे. ज्याने कर्ज काढून घर विकत घेतले तो तेथे बांधला गेला. भाडेकरूचा करार मात्र बहुधा अकरा महिन्यांचा असतो. करार संपण्यापूर्वी महिनाभर आधी घरातील सर्वांनी बसून विचार करावा. या अकरा महिन्यांत कोण किती वेळा आजारी पडले? हिवाळ्यात घरात श्वास कसा घेतला? हवा बाधत असेल तर करार पुढे चालू न ठेवता दुसरी जागा पाहावी. करार लेखी आणि नोंदणीकृत असावा. १९९९ च्या महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायद्याने तशी नोंदणी करून घेण्याची जबाबदारी घरमालकावर टाकली आहे.

परंतु प्रत्येक कुटुंबाने आपापली चांगली खोली शोधून निघून जावे आणि मागे राहिलेल्यांनी धूर खावा, हा आपला मार्ग असू शकत नाही. निवड हे पहिले पाऊल झाले, हक्क हे दुसरे. १९९१ साली सुभाषकुमार विरुद्ध बिहार राज्य या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की, संविधानाच्या २१ व्या अनुच्छेदातील जीविताच्या हक्कात प्रदूषणमुक्त पाणी आणि हवा उपभोगण्याचा हक्क येतो. ज्या संविधानाच्या घडणीत बाबासाहेबांचे श्रम आहेत त्यातून हा हक्क निघालेला आहे, हे विसरू नका. हवेच्या प्रदूषणाविरुद्ध १९८१ पासून केंद्राचा कायदा आहे. उघड्यावर कचरा जाळण्यास २०१६ च्या नियमांनी बंदी घातली. बांधकामाभोवती उंच पत्रे लावणे आणि पाणी मारून धूळ दाबणे, असे नियम मुंबई महानगरपालिकेने ऑक्टोबर २०२३ मध्ये घालून दिले आहेत. नियम आहेत. ते आपल्या गल्लीत पाळले जातात की नाही, हे पाहणारे कोणी नाही.

ते पाहण्याचे काम आपल्या विहारांनी आणि महिला मंडळांनी हाती घ्यावे, अशी आमची सूचना आहे. विहाराच्या फळ्यावर वंदनेची वेळ लिहितो त्याच्याच खाली त्या दिवसाचा हवेचा निर्देशांक लिहावा. कोणत्या दिवशी, किती वाजता, कोठे कचरा जाळला याची एका वहीत नोंद ठेवावी. पाच-पन्नास सह्यांचा अर्ज वॉर्ड कचेरीत आणि महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळाकडे द्यावा, आणि पोच घेतल्याशिवाय परत येऊ नये. तोंडी तक्रार वाऱ्यावर जाते, तारीख-शिक्का असलेला कागद न्यायालयातही चालतो. माहुलच्या लोकांनी हेच केले. ते संघटित राहिले, कागद जपले, आणि हटले नाहीत. आणि नव्याने शहरात येणाऱ्या आपल्या कुटुंबास खोली शोधून देण्याची वेळ येईल तेव्हा भाड्याबरोबर त्या गल्लीच्या हवेचीही खरी माहिती त्याला द्यावी.

गावकुसाबाहेरची जागा आपल्या पूर्वजांनी स्वतः निवडली नव्हती, ती त्यांच्यावर लादण्यात आली. ती आपण सोडून आलो. आता शहरात खोली पाहावयास जाल तेव्हा दलालाला भाडे विचारण्याआधी खिडकी उघडा, वारा कोठून येतो ते पाहा आणि मग बोलणी करा.